अर्धा शब्द त्यांचा

"आई, तुम्ही लॅपटॉपला फूटपट्टीनं मारताय."

"मारत नाही, दाखवतेय. हा चंद्र, ही पृथ्वी. मुलांनी बघायचं कुठं ते नको का सांगायला?"

"पण फूटपट्टी व्हिडिओत येत नाही. स्क्रीनवर जे असेल तेवढंच येतं. मुलांना नुसतं टक टक ऐकू जाणार. त्यांना वाटेल, बाईंच्या घरी सुतार आलाय."

मी फूटपट्टी बाजूला ठेवली. केतकीनं माऊस माझ्या हातात दिला आणि त्याचा बाण कसा फिरवायचा ते दाखवलं. माझा बाण चंद्रावरून जो निघाला तो पार कोपऱ्यात जाऊन गडप झाला. आम्ही दोघी वाकून वाकून त्याला शोधत बसलो.

केतकी म्हणजे माझी सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझा मुलगा अनिकेत कामासाठी दोह्याला गेला आणि तिकडेच अडकला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ही एकटी, विट्याच्या घरात मी एकटी. साथीचे दिवस, सगळं बंद. शेवटी मीच म्हणाले, ये इकडे, तुझं ऑफिस लॅपटॉपवरच आहे ना, मग तो इथे उघड. ती आली. पण खरं सांगायचं तर आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. ती सकाळी विचारायची, "आई, चहा करू का?" आणि मी म्हणायचे, "असू दे, मी करते." दिवसभराचं बोलणं एवढंच. बरं, मी पडले तापट. शाळेत पोरं मला मागून काय म्हणायची ते मला पक्कं ठाऊक होतं. फटाका.

मी दहावीला विज्ञान शिकवायचे. येत्या मे महिन्यात रिटायर होणार होते, म्हणजे ती माझी शेवटची दहावी. आणि नेमकी तीच दहावी घरात बसलेली. जूनमध्ये आमच्या संस्थेचे सचिव निकम सर यांचा फोन आला. संस्थेच्या सगळ्या शाळांना मिळून प्रत्येक विषयाचे व्हिडिओ करायचं ठरलं होतं. स्लाइड दिसणार, कोपऱ्यात शिक्षक बोलणार.

"बाई, राग मानू नका," निकम सर म्हणाले, "पण विज्ञानाचे तयार व्हिडिओ पुण्यातल्या एका कंपनीकडे आहेत. आपल्या मंडळींना ते पसंत आहेत. तुम्ही एक धडा करून पाठवा. बरा वाटला तर वर्षभर तुम्ही. नाहीतर या वयात तुम्हाला कशाला त्रास?"

या वयात, म्हणे. मी फोन ठेवला. ज्या पोरांना नववीत मी घासूनपुसून तयार केलं, त्यांना दहावीत कुठल्यातरी कंपनीचा आवाज शिकवणार आणि मी घरात भाजी निवडत बसणार. शेवटचं वर्ष असं जाणार असेल तर आजच निवृत्त करा की मला. मी ताटावर बसले आणि भात नुसता चिवडत राहिले. केतकीनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं. ती म्हणाली, "आई, माझी नोकरी काय आहे, माहितीये का तुम्हाला?"

"कॉम्प्युटर."

"हेच आहे. कंपनीतल्या नव्या माणसांना शिकवायचे स्लाइडचे व्हिडिओ मी करते."

घरात विहीर असताना मी गावभर पाणी शोधत होते.

तर अशी सुरुवात झाली. मागची खोली निवडली, कारण तिथं रस्त्याचा आवाज कमी. खिडकीला वाकळ लावली, दाराखाली टॉवेल कोंबला, पंखा बंद. जूनच्या उकाड्यात मी काठापदराची साडी नेसून घामानं निथळत गुरुत्वाकर्षण शिकवायला उभी. केतकीचे नियम कडक होते. रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत दुसरा आवाज म्हणून नको. बांगड्यासुद्धा काढायला लावल्या तिनं माझ्या. मी सासू आहे हे ती त्या खोलीत साफ विसरायची, आणि गंमत म्हणजे मला ते बरं वाटायला लागलं.

माझी पहिली स्लाइड म्हणजे पुस्तकाचं अख्खं पान होतं. ती बघून केतकी म्हणाली, "हे मुलांनी वाचायचं की तुमचं ऐकायचं?"

"दोन्ही."

"टीव्हीवर बातम्या बघताना खालची पट्टी वाचता ना तुम्ही? तेव्हा वरचा माणूस काय म्हणाला ते कळतं का?"

नाही कळत. तिनं सगळी अक्षरं पुसली आणि एका सफरचंदाचं झाड आणलं.

"विट्यात सफरचंदाचं झाड कुणी बघितलंय?" मी म्हणाले. "आंबा पाड."

तिनं आंबा आणला आणि बटण दाबल्यावर तो खरोखर खाली पडला. मी तो पुन्हा पुन्हा पाडून बघितला. मग ती म्हणाली, मुलांच्या डोळ्यात बघून बोला. मी म्हटलं, मुलं कुठायत? तिनं स्वतःच्या कपाळावरची टिकली काढली आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारी चिकटवली. "हे मूल. याच्याकडे बघायचं." मी टिकलीकडे बघून बोलायला लागले. खरंच फरक पडला.

अडलं ते पुढे. पहिला व्हिडिओ ती तपासायला बसली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आई, तुम्ही मधेच थांबता. शब्द अर्धा सोडता. हे ऐका."

लॅपटॉपमधून माझा आवाज आला, "पृथ्वी प्रत्येक वस्तूला स्वतःकडे ओढ…" आणि पुढे शांतता. बरीच शांतता. मग माझाच आवाज, "शाब्बास. आणि चंद्रावर वस्तूचं वजन कमी भर…" पुन्हा शांतता.

"बघणाऱ्याला वाटणार नेट गेलं," केतकी म्हणाली. "आणि शाब्बास कुणाला?"

मला हसू आलं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "अगं, 'ते' आणि 'तं' वर्ग म्हणतो. मी म्हणायचं, ओढ… पोरं म्हणणार, ते. आमच्याकडे सगळेच मास्तर असं शिकवतात. तुला कुणी नाही शिकवलं?"

"शिकवलं की. मला राग यायचा. पण इथे वर्ग नाहीये ना, आई. तुम्ही अर्धा शब्द सोडलात तर तो पडूनच राहणार."

"मी सोडत नाही. मी देते. अर्धा शब्द माझा, अर्धा त्यांचा."

"पण घेणारं कुणी नाही. आमच्याकडे नियमच आहे, एवढी शांतता झाली की माणूस व्हिडिओ बंद करतो."

यावर आमची चांगली जुंपली. मी आवाज चढवला. तिनं चढवला नाही, पण हटलीही नाही. शेवटी मीच पडतं घेतलं, कारण धडा पास व्हायला हवा होता आणि यातलं कळत तिला होतं. पण कळलं म्हणून जमतं थोडंच. मी "ओढ" म्हटलं की जीभ आपोआप थांबायची. केतकी समोरून हात फिरवून खूण करायची, पुढे, पुढे. मी घाईघाईनं "ते" जोडायचे. एकदा तर मी "ओढ" म्हणून थांबले, तेवढ्यात बाहेर भाजीवाला ओरडला, "मेथीऽऽ," आणि मी सवयीनं "शाब्बास" म्हणून मोकळी. केतकी तोंडावर ओढणी धरून खाली बसली ती हसू आवरेपर्यंत उठली नाही. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा एकत्र हसलो.

अखेर एक सबंध व्हिडिओ झाला. जिथे मी थांबले होते तिथे तिनं कापून काढलं. मी बघितला. आंबा पडत होता, चंद्र फिरत होता, मी टिकलीकडे बघून न अडखळता बोलत होते. आणि मला तो बघवेना. स्वतःचे शब्द स्वतःच पुरे करणारी ती बाई मला पंगत उठून गेल्यावर एकटीच जेवत बसल्यासारखी दिसली. पण केतकीच्या मेहनतीकडे बघून मी म्हणाले, छान झालाय.

तो व्हिडिओ केतकीनं निकम सरांना पाठवला. मग तिची ऑफिसची मीटिंग सुरू झाली. जाता जाता म्हणाली, "आई, तुमच्या वर्गाच्या ग्रुपवर तुम्हीच टाका. फायनल नावाचा आहे बघा." मी बघितलं तर फायनल नावाचे दोन. आता एवढ्याशासाठी मीटिंगमधून उठवायचं का तिला? मी वरचा टाकला.

दोन दिवसांनी दुपारी निकम सरांचा फोन आला. केतकी शेजारीच सुपात शेंगा घेऊन सोलत बसली होती, म्हणून मी स्पीकर लावला.

"बाई, व्हिडिओ बघितला. स्वच्छ आहे. पण खरं सांगू का, कंपनीचाही असाच आहे. त्यात चित्रं जास्त हलतात. मग आपण कशाला घाम गाळायचा? मी त्यांना कळवून टाकतो."

मी म्हणाले, "बरं सर." दुसरं काय म्हणणार? ते बोलले ते खोटं नव्हतं. केतकीचा चेहरा एवढासा झाला. "माझ्यामुळे झालं, आई," ती म्हणाली. मी म्हणाले, "तुझ्यामुळे कसं? तू चांगलाच केला होतास." आणि उठून स्वयंपाकघरात गेले, कारण डोळे भरून आले होते आणि सुनेसमोर रडायची मला अजून सवय नव्हती.

चहा टाकला तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"बाई, नमस्कार. दस्तगीर शिकलगार बोलतोय, नाझनीनचा अब्बा. वेल्डिंगचं दुकान आहे बघा माझं, स्टँडमागं. एक तक्रार होती. राग मानू नका."

त्या दिवशी जो तो मला राग मानू नका म्हणत होता. "बोला," मी म्हणाले.

"तुमचा तो व्हिडिओ आलाय न्हवं मोबाईलवर. पोरगी खोलीत जातीय, दार लावतीय आन् एकटीच ओरडतीय. 'ते' म्हणतीय. 'तो' म्हणतीय. 'तं' म्हणतीय. मोठमोठ्यानं ओ. शेजारच्या भाभी विचारायला आल्या, पोरीला काय झालं, दवाखान्यात न्या म्हणून. बाई, काय शिकवताय काय तुम्ही?"

मी गाळणी खाली ठेवली. "नाझनीन ओरडतीय?"

"तर काय. घरात पाणी मागायचं तरी आईच्या कानात मागणारी पोरगी ती."

नाझनीन शिकलगार. खिडकीकडचा बाक. पाचवीत तिच्या बोलण्याला कुणीतरी हसलं होतं म्हणे, तेव्हापासून वर्गात तिनं तोंड उघडलं नव्हतं. उभं केलं की बाकाकडे बघत राहायची आणि कान लाल व्हायचे. मी उभं करायचं सोडून दिलं. पण मी अर्धा शब्द टाकला की सगळा वर्ग गलका करायचा आणि त्या गलक्यात हिचे ओठ नुसते हलायचे. आवाज नाही. मी फळ्यापाशी उभी राहून सगळ्यांच्या तोंडांकडे बघायचे ती त्यासाठीच. कोण ओरडतंय याला काही किंमत नाही. ओठ कुणाचे थांबले, ते बघायचं. थांबले की समजायचं, इथं याचं काहीतरी राहिलं, परत सांगायचं. नाझनीनचे ओठ कधी थांबायचे नाहीत. तिला सगळं येतं, हे फक्त तिला आणि मला माहीत होतं.

"शिकलगार," मी म्हणाले, "आत्ता लावलाय का तिनं?"

"लावलाय की. हे काय, दाराबाहेरच उभा हाय मी."

"फोन दाराला लावा. बोलू नका."

मी स्पीकर चालू केला आणि केतकीला हाक मारली. ती शेंगांचं सूप हातात घेऊनच आली. आधी घरघर, मग लांबून माझाच आवाज, "चंद्रावर वस्तूचं वजन कमी भर…"

"तं," दाराआडून एक मुलगी म्हणाली. खणखणीत.

"शाब्बास," व्हिडिओतली मी म्हणाले.

आता समजलं, मी वरचा म्हणून टाकला होता तो आमची जुंपण्याआधीचा, न कापलेला पहिला व्हिडिओ होता. केतकी तिथंच पाटावर बसली. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. "तुम्ही शाब्बास म्हणालात," ती एवढंच म्हणाली, "आणि ते बरोबर तिलाच मिळालं."

शिकलगार परत फोनवर आले. आवाज बदललेला होता. "बाई, दवाखान्यात न्यायला नको न्हवं?"

"नको. शेजारच्या भाभींना सांगा, पोरगी अभ्यास करतेय. आणि दार उघडू नका. ओरडू दे तिला."

"ओरडू दे," ते म्हणाले. "माझी काय बी हरकत न्हाई. पुढचा व्हिडिओ कधी येणार बाई?"

"कळवते," मी म्हणाले. फोन ठेवला तर केतकीनं माझ्या आधीच निकम सरांचा नंबर लावलेला.

"सर, मी भिंगारदेवे बाईंची सून बोलतेय. तुम्हाला चुकीचा व्हिडिओ गेलाय. चूक माझी आहे. खरा आत्ता पाठवते. एवढंच करा, एकटे बसून बघा आणि मधे बंद करू नका."

सचिवांशी असं बोलायची माझी छाती झाली नसती. पण निकम सर बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी देवापुढं दिवा लावत होते. केतकीनं फोन आणून दिला.

"बाई, एक विचारू?" निकम सर म्हणाले. आवाज जरा चोरटा वाटला. "तो व्हिडिओ मधे मधे थांबतो."

"हो सर."

"मला पहिल्यांदा वाटलं, नेट गेलं. मग पुन्हा थांबला. मग… आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी 'तो' म्हणालो."

"काय म्हणालात?"

"तुम्ही म्हणालात, आंबा खाली पड… आणि मी म्हणालो, तो. मोठ्यानं. बायको आतून आली, कुणाशी बोलताय म्हणून. मग मी शेवटपर्यंत बोलत बसलो की हो. कंपनीचा व्हिडिओ मी अर्ध्यातच बंद केला होता, हे मात्र कुठं बोलू नका." मग ते म्हणाले, "वर्षभर तुम्हीच करा. आणि ते थांबणं काढू नका."

मी "बरं सर" म्हणाले. तेच दोन शब्द आदल्या दिवशी म्हणाले होते, पण आता ते ऐकून केतकीनं हसत समईची वात माझ्या हातातून घेतली आणि दिवा स्वतःच लावला.

मग ते वर्ष आम्ही दोघींनी त्या मागच्या खोलीत काढलं, आणि सुखात काढलं. केतकी स्लाइड करताना शब्द मुद्दाम अर्धा लिहायची आणि पुढे जागा मोकळी ठेवायची. थांबायचं किती, हा प्रश्न आला. माझा अंदाज समोर वर्ग नसताना चुकायचा. मग केतकीनं टिकली काढून टाकली आणि स्वतःच कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसायला लागली. मी अर्धा शब्द टाकला की ती आवाज न करता ओठ हलवायची आणि मी पुढे जायचे. कॉमर्सवाली पोरगी ती, सुरुवातीला तिचे ओठ कितीदा थांबायचे. मग मी रेकॉर्डिंग बंद करून तिला समजावायचे आणि पुन्हा सुरू करायचे. ती म्हणायची, शाळेत असताना विज्ञानाचा तास म्हटला की माझ्या पोटात दुखायचं. दिवाळीनंतर तिचे ओठ फारसे थांबेनात. सकाळचा चहाही तोवर तीच करायला लागली होती, मला न विचारता.

फेब्रुवारीत शेवटचा धडा आला, अवकाश मोहिमा. अवकाशयानं सुटली, उपग्रह आपापल्या कक्षेत गेले, सगळं व्यवस्थित झालं. शेवटच्या स्लाइडवर केतकीनं काही लिहिलं नव्हतं, नुसती काळी रात्र आणि चांदण्या. मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "तर मुलांनो, इथे आपला अभ्यास संप…"

आणि सवयीनं थांबले. समोर केतकीकडे बघितलं. तिचे ओठ हलले नाहीत. तिला येत नव्हतं अशातला भाग नाही. ती माझ्याकडे बघत नुसती बसून राहिली, डोळे भरून. मी थांबले ते थांबलेच. मागे चांदण्या तशाच. बऱ्याच वेळानं तिनं हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं. मी म्हणाले, हे कापून टाक, पोरांना वाटेल नेट गेलं. ती म्हणाली, "नाही कापणार." तसाच व्हिडिओ ग्रुपवर गेला.

संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात बसलो होतो. मोबाईल वाजला. ग्रुपवर नाही, माझ्या नंबरवर, बोललेला निरोप होता. लावला. आधी कुणीतरी घसा साफ केला. मग आवाज आला. मला तो तोपर्यंत एकेका अक्षरापुरताच माहीत होता. सबंध वाक्यात मी तो पहिल्यांदा ऐकला.

"बाई, मी नाझनीन. मी सगळ्या धड्यांचे सगळे शब्द पुरे केले. आजचा शेवटचा केला नाही. 'ला' मी म्हणणार नाही."

केतकीनं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि तो पुन्हा लावला.